उसाची खेप आणि लेकीचा प्रोग्राम

संगणक आता स्वतःच प्रोग्राम लिहू लागलाय, मग मुलांना ते शिकवून काय उपयोग? माझ्या दिरांचा हा प्रश्न मला रास्त वाटतो. सोमेश्वरनगरात आमचं घर कारखान्याच्या ऊस वाहतुकीवर चालतं. हंगामाच्या कमाईतून आठवीतल्या लेकीला जुना लॅपटॉप घ्यायचा, तर विचार करायलाच हवा.

संगणकाच्या भाषा बदलतात हे खरंच. विद्यार्थ्यांसाठी १९६४ साली बेसिक आली, १९९१ मध्ये पायथन, २००७ मध्ये लहान मुलांसाठी स्क्रॅच. लेक सध्या माझ्या मोबाइलवर पायथन शिकते. तिच्या मुलांच्या वेळी ती भाषा असेलच असं नाही.

पण ती नुसती भाषा शिकत नाही. अब्बांच्या खेपांचा हिशोब तिनं प्रोग्राममध्ये मांडला. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उसाचं वजन. यांनी गंमत म्हणून आकडे उलटे टाकले, तर ऊस निघाला उणे अठरा टन! आम्ही हसलो. ती मात्र म्हणाली, "माणसाला कळतं अम्मी, यंत्राला सांगावं लागतं." मग तिनं अट घातली: भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा हलकी दिसली, तर आकडे पुन्हा विचार.

कामाचे लहान भाग करणं, कुठे चुकेल ते आधी ओळखणं, न चिडता एकेक पायरी तपासणं, या सवयी कोणत्याही भाषेत उपयोगी पडतात. यंत्रानं लिहून दिलेला प्रोग्राम बरोबर आहे का, हे पाहायलाही त्याच लागतात.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी वारसाहक्काची वाटणी, जमिनीची मोजणी, व्यापार अशा रोजच्या कामांसाठी गणिताच्या पायरीवार रीती लिहिल्या. 'अल्गोरिदम' हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. तेव्हा संगणक नव्हता, तरी रीत आजवर टिकली.

हंगाम संपला की आम्ही लॅपटॉप घेणार आहोत. तुमच्या घरी तो नसला तरी अडत नाही. मुलाला किंवा मुलीला चहाची कृती कागदावर पायरी-पायरीनं लिहायला सांगा आणि लिहिलंय तेवढंच करा. 'गॅस पेटवा' राहिलं असेल, तर पातेलं गारच राहील. पुढचा कागद ते स्वतःच नीट लिहितील.