उघड्यावर ठेवलेलं पत्र

रहस्यकथा लिहिणाऱ्याने आधीच्या लेखकांकडून नेमकं काय घ्यावं, हा प्रश्न मला हल्ली फार छळतो. नव्याने लिहू लागलेल्यांपैकी बहुतेकांना एकच धास्ती असते : आपली युक्ती आधी कुणी वापरलेली तर नसेल? ही धास्ती अस्थानी आहे, असं माझं ठाम मत आहे. युक्ती ही कथेतली सर्वांत नाशवंत गोष्ट. एकदा उलगडली की संपली. टिकते ती त्या युक्तीखालची सवय. माणसाची नजर जिथे हमखास थांबत नाही, ती जागा. या प्रकारातले मोठे लेखक एकमेकांकडून ती जागाच घेत आले आहेत, आणि तसं घेण्यात कमीपणा तर नाहीच, उलट त्याशिवाय हा प्रकार वाढलाच नसता. पुढे काही कथांचे शेवट उघड करावे लागणार आहेत. ज्यांनी त्या वाचलेल्या नाहीत त्यांनी आधी त्या वाचाव्यात. लेख नंतर वाचला तरी चालेल.

एडगर अ‍ॅलन पोची 'द पर्लॉइन्ड लेटर' ही १८४४ची कथा माझ्या मते या सगळ्याचं मूळ आहे. १८४१च्या 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग'ला पहिलेपणाचा मान असेल, पण लिहिणाऱ्याला शिकवते ती ही. एका मंत्र्याने राजघराण्यातल्या बाईचं पत्र पळवलेलं आहे आणि पोलीस त्याचं घर पालथं घालतात. टेबलांचे वरचे फळे उचलतात, खुर्च्यांच्या गाद्यांत लांब सुया खुपसतात, लाकडाचे सांधे भिंगाखाली तपासतात. पत्र असतं शेकोटीच्या फळीखाली, पितळी खुंटीला मळक्या निळ्या फितीने टांगलेल्या पुठ्ठ्याच्या खणात. आतली बाजू बाहेर काढलेलं, नवा पत्ता घातलेलं, चुरगळलेलं, मधोमध जवळजवळ फाटलेलं. महत्त्वाची वस्तू माणूस जपून ठेवतो, या समजुतीवर अख्खं पोलीस खातं फसतं. पण ही कथा पुन्हा पुन्हा वाचताना एक उणीव ठळक होत जाते. तो पुठ्ठ्याचा खण वाचकाला आधी दिसतच नाही. कथेतला गुप्तहेर ड्यूपॅं पत्र काढून देतो आणि मग ते कुठे होतं हे सांगतो. फसतात ते पोलीस. वाचकाला फसायची संधीच मिळत नाही, कारण त्याला त्या खोलीत कुणी नेलेलंच नसतं. पोने जागा शोधली, पण वाचकाला तिच्यासमोर उभं केलं नाही. नंतरच्या लेखकांसाठी हे राहिलेलं काम म्हणजे मोठीच ठेव होती.

आर्थर कॉनन डॉइलने जुलै १८९१च्या 'स्ट्रँड' मासिकातल्या 'अ स्कँडल इन बोहेमिया'त काय केलं ते पाहण्यासारखं आहे. राजा, त्याला अडचणीत आणणारी वस्तू, घराच्या फसलेल्या झडत्या, लक्ष उडवण्यासाठी मुद्दाम घडवलेला गोंधळ : सांगाडा उघडपणे पोचा आहे. पोकडे रस्त्यात बंदुकीचा बार होतो, डॉइलकडे घरात धूर होऊन आगीची आरोळी उठते. पण छायाचित्र सापडतं ते सरकत्या फळीमागच्या कोनाड्यात, म्हणजे पोच्या पोलिसांनी पहिल्यांदा बघितली असती अशा जागी. डॉइलने पोची युक्ती सरळ टाकून दिली. ज्या वाचकाने पो वाचला आहे तो उघड्यावरच्या वस्तू न्याहाळत बसतो आणि तेवढ्यात कथेतली खरी गोष्ट त्याच्या हातून निसटते : समोरची बाई होम्सच्या तोडीची आहे. आधीची कथा माहीत असणं हेच इथे वाचकाच्या आड येतं. १८८७च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये होम्स ड्यूपॅंला हिणकस म्हणतो, म्हणून डॉइलवर कृतघ्नतेचा ठपका ठेवणारे आहेत. मला तो ठपका पटत नाही. हिणकस म्हणण्यासाठी का होईना, त्याने पूर्वसुरीचं नाव आपल्याच पानावर घेतलं. आणि पोचं ऋण त्याने स्वतः मोकळेपणाने मान्य केलेलं आहे.

चेस्टरटनने नेमकं उलटं केलं. त्याने सांगाडा टाकला आणि सवय ठेवली. १९११च्या 'द इनोसन्स ऑफ फादर ब्राउन' या संग्रहातल्या 'द इनव्हिजिबल मॅन'मध्ये एका इमारतीवर चौघांची नजर आहे, त्यांत पोलीस आहे, दारवानही आहे. कुणीही आत गेलं नाही, असं चौघेही सांगतात. बर्फावर पावलं मात्र उमटलेली. आत गेलेला असतो पोस्टमन. ही युक्ती आता पोराटोरांना ठाऊक आहे. मला जखडून ठेवतं ते कथेच्या सुरुवातीचं लॉराचं बोलणं. तिला मागणी घालून गायब झालेल्या दोघांपैकी एकाचं हसणं तिला ऐकू आलं. रस्त्याच्या कोपऱ्यावरून दोन्हीकडे पाहिलं तर चिटपाखरू नव्हतं. आणि काही क्षणांतच दुसऱ्याचं पत्र आलं. बस. पत्र आलं, म्हणजे ते कुणीतरी आणलं. वाचकाच्या डोळ्यांदेखत पोस्टमन येऊन जातो आणि वाचक पत्र कुणाचं याचा विचार करत राहतो. पोने वस्तू लपवली ती खोलीत. चेस्टरटनने माणूस लपवला तो वाक्यात. हे वाक्य निसटतं कसं, यावर मी जितका विचार केला आहे तितका दुसऱ्या कशावर केला नसेल. माझं उत्तर असं की त्या वाक्याला कथेत दुसरं काम आहे. लॉरा ते पुरावा म्हणून सांगतच नाही. आपल्याला भास होतात की काय, या भीतीने सांगते. वाचक भीती ऐकतो आणि पत्र ओलांडून पुढे जातो.

यावर कुणी म्हणेल, की ही चोरीचीच गोंडस कैफियत झाली. मराठी रहस्यकथेला हा आक्षेप नवा नाही. इंग्रजी पुस्तक समोर ठेवून नावं तेवढी बदलायची, हे आपल्याकडे उदंड झालं आणि अजूनही होतं. अशा कथांवर माझा राग आहे, पण त्यांनी उसनं घेतलं म्हणून नाही. युक्ती घेतली, आणि ज्या सवयीवर ती उभी होती ती आपल्या गावात आहे का, हे तपासलंच नाही, म्हणून. मध्यरात्री फायरप्लेसपाशी बसलेला गिरगावातला वकील कुणाला फसवणार? याउलट शरदिंदु बंद्योपाध्यायांची १९३०च्या दशकातली 'पथेर काँटा' घ्या. कलकत्त्याच्या भर रस्त्यात माणसं छातीत ग्रामोफोनची पिन शिरून मरतात, आजूबाजूला गर्दी आणि मारेकरी कुणालाच दिसत नाही. पिन सुटते सायकलच्या घंटीतून. घंटी ऐकली की माणूस बाजूला होतो, सायकलवाल्याचा चेहरा बघत नाही. हा चेस्टरटनचाच पोस्टमन, असं म्हणता येईल. शरदिंदूंच्या मनात तो होता की नव्हता, याने माझ्या लेखी फरक पडत नाही. ग्रामोफोन, सायकल, रस्ता ओलांडताना अंग चोरणारा माणूस हे सगळं त्या शहराचं आहे, आणि म्हणून ती कथा त्यांची आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. सवयी मोजक्या असतील तर जाणता वाचक केव्हातरी सगळ्या ओळखून बसेल, आणि मग काय? बोर्हेसने १९४२च्या 'डेथ अँड द कंपास'मध्ये या प्रश्नाला भिडून उत्तर दिलं. त्याचा गुप्तहेर लोनरोट स्वतःला ड्यूपॅंच्या जातीचा समजतो. पहिला खून चुकून झालेला. पण लोनरोटला त्यात गूढ आकृती हवी आहे, हे गुन्हेगाराला वर्तमानपत्रातून कळतं आणि तो त्याला हवी ती आकृती पुरवत जातो. म्हणजे रहस्यकथा वाचून लागलेली सवय हीसुद्धा सवयच, आणि तिच्यातही अडकवता येतं. मला ही कथा थोर वाटते, तरी त्या वाटेने जावंसं वाटत नाही. तिथे वाचकाचं जग पुस्तकांपुरतं उरतं. मला रस आहे तो जिन्यात, दारात, रोजच्या व्यवहारात माणसं काय बघत नाहीत यात.

आणि तेच बदललं आहे. चेस्टरटनचा पोस्टमन आज पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सोसायटीत पकडला जाईल. वॉचमन वहीत नाव, फ्लॅट नंबर, वेळ लिहून घेतो, फाटकावर कॅमेरा आहे, मोबाइलवर परवानगी मागितली जाते. दूधवाला, इस्त्रीवाला, पार्सलवाला हे आता इमारतीतले सर्वांत जास्त नोंदलेले लोक आहेत. कॅमेऱ्यांनी रहस्यकथा मारली, असं म्हणणारे लेखक भेटतात. मला उलट वाटतं. नोंद झाली म्हणजे गोष्ट बघितली गेली, ही नवी सवय पोच्या पोलिसांइतकीच आंधळी आहे. ती वही उघडून पाहावी. आत येण्याची वेळ सगळ्यांची असते. बाहेर जाण्याचा रकाना पानंच्या पानं कोरा असतो. रोज त्या वहीशेजारून जाणाऱ्याला तो कोरा रकाना दिसत नाही. मला हवी असलेली जागा तीच आहे.

इथे माझ्यातला अहंकार सांगायला हवा. शेवट ओळखता आला नाही, असं वाचकाने म्हणणं मला पुरत नाही. त्याने मागे जावं, ते वाक्य शोधावं, ते आपण सहज ओलांडून गेलो हे बघून चडफडावं, अशी माझी हाव असते. त्याच्याही आत एक हाव आहे : त्या वाक्यामागचा चेस्टरटन त्याला दिसू नये, सगळं श्रेय मला मिळावं. सत्यजित राय यांच्यात ही हाव नव्हती. त्यांचा फेलूदा लंडनला बेकर स्ट्रीटवर जाऊन होम्सला गुरू म्हणतो, आणि त्याने फेलूदा तसूभरही लहान होत नाही. हे पटतं, तरी लिहिताना जमेल याची खात्री नाही.

राहतो तो कोरा रकाना. तो वाचकासमोर ठेवायचा तर त्यालाही दुसरं काम द्यायला हवं, लॉराच्या पत्राला होतं तसं. सोसायटीच्या सेक्रेटरीने वॉचमनवर खेकसावं, वही नीट भरत नाही म्हणून पगार कापायची धमकी द्यावी, म्हणजे वाचक सेक्रेटरीचा स्वभाव वाचेल आणि वही विसरेल. पण हे खेकसणं जरा लांबलं की जाणता वाचक तिथेच बोट ठेवतो, आणि आखडलं तर शेवटी कुणालाच आठवत नाही. चेस्टरटनला एक वाक्य पुरलं. मला अजून अख्खा परिच्छेद लागतो आहे.