गाणारा सर्फबोर्ड

तुमची बाइक अचानक वेगळाच आवाज काढायला लागली तर तुम्ही काय करता? मेकॅनिक गाठता. मी काय केलं? चक्क खूश झाले! कारण आवाज बाइकचा नव्हता, पायाखालच्या सर्फबोर्डचा होता.

स्थळ : मुल्की. मंगळूरपासून उत्तरेला तीसेक किलोमीटरवरचं, शांभवी नदीकाठचं टुमदार गाव. सकाळी नीर डोसा, दुपारी माशाचं सार आणि मधल्या वेळात जमेल तेवढा समुद्र. देशातला पहिला सर्फ क्लब २००४ मध्ये इथेच सुरू झाला, जॅक हेबनर या अमेरिकन ‘सर्फिंग स्वामीं’च्या आश्रमात. २०१६ मध्ये शेजारच्या ससिहित्लू बीचवर इंडियन ओपन ऑफ सर्फिंगही रंगली. मी मात्र शिकत होते एका दुसऱ्याच, छोट्याशा सर्फ स्कूलमध्ये.

तिसऱ्या ट्रिपला पहिल्यांदाच फोमऐवजी फायबरग्लासचा बोर्ड हातात आला. लाट पकडली, धडपडत उभी राहिले आणि खालून ‘हुंऽऽऽ’! जितका वेग जास्त, तितका सूर वर. मला वाटलं, आपण आता प्रो झालो बॉस. दिवसभर त्या सुरासाठीच लाटा पकडत राहिले.

संध्याकाळी आमच्या तुळू बोलणाऱ्या इन्स्ट्रक्टरने बोर्ड उलटा केला. ‘अक्का, ये गाना नहीं, कम्प्लेंट है,’ तो हसत म्हणाला.

बोर्डाच्या पोटाला माशाच्या परांसारखे तीन फिन्स असतात. बोर्डाला फिन लावायची आयडिया टॉम ब्लेकची, १९३५ सालची. तीन फिन्सचा ‘थ्रस्टर’ सायमन अँडरसनने १९८१ मध्ये गाजवला. फिनची मागची कड धारदार असली, तर दोन्ही बाजूंचं पाणी गुपचूप एकत्र येतं. कड बोथट असली, तर मागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे भोवरे सुटतात. प्रत्येक भोवरा फिनला हलकासा झटका देतो. वाऱ्यात विजेच्या तारा गुणगुणतात ना, तेच गणित. कड २ मिलिमीटर जाड आणि वेग सेकंदाला ४ मीटर असेल, तर सेकंदाला साधारण ४०० झटके. म्हणजे हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातला सूर! त्यात फिनची स्वतःची कंपनं याच्याशी जुळली, की आवाज एकदम मोठा होतो. जहाजांचे पंखेही असेच ‘गातात’.

मग वेग कमी होतो का? या आवाजात फारशी ताकद वाया जात नाही. अनेक सर्फर्सना तो आवडतोही. वेग कानाने कळतो. पण काल नसलेला आवाज आज आला, तर फिन तपासायचाच. कुठे कपचा उडालाय, फिन वाकलाय किंवा स्क्रू ढिला झालाय. ढिला फिन वळताना दगा देतो, कधी बोर्डाची खाचच उखडून निघतो.

माझ्या बोर्डात दोन भानगडी होत्या. एका फिनचा स्क्रू ढिला आणि मधल्या फिनची कड खरबरीत. म्हणजे दिवसभर मी ज्यावर मिरवत होते, ती चक्क धोक्याची घंटा होती. त्याने स्क्रू आवळला. ओला सँडपेपर माझ्या हातात दिला आणि कड एका बाजूने हलकीशी तिरकी घासायला लावली. दोन्ही बाजू सारख्या नसल्या, की भोवऱ्यांचा ताल बिघडतो. वीस मिनिटं घासताना वाईट वाटत होतं, खरं सांगते!

दुसऱ्या दिवशी बोर्ड गप्प. पहिल्या दोन लाटांवर वाटलं, आपण स्लो झालो. तिसरीवर मात्र वळताना मागचा भाग घसरला नाही आणि पहिल्यांदाच माझं लक्ष आवाजाऐवजी लाटेकडे गेलं. त्या लाटेने मला थेट वाळूपर्यंत आणून सोडलं.

सोमवारी ऑफिसात एकजण जोरजोरात ‘मी किती बिझी आहे’ सांगत होता. मला उगाचच सँडपेपर आठवला.

जायचंय? कोकण रेल्वेने मुल्की किंवा मंगळूर गाठा. नवशिके असाल तर पावसाळा टाळा. आणि भाड्याचा बोर्ड घेताना आधी फिन हलवून बघा!