खांदेदुखी आणि गळ्यातली ग्रंथी

माझ्या थायरॉइडचा पत्ता गळ्यावरून लागला नाही, दुखऱ्या अंगावरून लागला. पोटऱ्या भरून येणं, सकाळी बोटं आखडलेली असणं, हात वर नेताना खांद्यात कळ जाणं, जिना चढताना मांड्यांतलं बळ सरणं, हे सगळं दादरा नगर हवेलीतल्या सिल्वासात वयाच्या, कामाच्या आणि दमट हवेच्या खात्यावर सहज जमा होतं. मसाट, पिपरिया, रखोलीच्या कारखान्यांत पाळीभर उभ्या राहणाऱ्या बाईचं अंग आंबणार नाही तर काय, हा युक्तिवाद इतका बिनतोड वाटतो की पुढे कोणी विचारत नाही. ‘वात आहे’ म्हटलं जातं, मलम लागतं, दुखणं थांबवणारी गोळी सुरू होते आणि सुरूच राहते. माझं म्हणणं एवढंच आहे की महिनोन्महिने टिकलेल्या, एका सांध्यापुरत्या न राहिलेल्या दुखण्यात, त्या गोळीची सवय लागायच्या आत एकदा टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंद पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक, तपासलं गेलं पाहिजे.

या मागणीला शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे. स्नायू आकसतो तेव्हा त्याच्या पेशीत कॅल्शियम सुटतं, आणि सैल पडण्यासाठी ते परत आत ओढून घ्यावं लागतं. हे ओढून घेणं थायरॉइडच्या संप्रेरकावर अवलंबून असतं. संप्रेरक कमी पडलं की स्नायू आकसतो वेळेवर, पण सुटतो सावकाश. डॉक्टर घोट्यामागे छोटी हातोडी मारून पाहतात, तेव्हा पाऊल उशिराने मागे येताना दिसतं ते यामुळेच. स्नायूला साठवलेली साखर वापरणंही जड जातं, म्हणून थोड्या श्रमात थकवा आणि पायात गोळे. शिवाय पाणी धरून ठेवणारे काही पदार्थ ऊतींमध्ये साठतात. मनगटातल्या अरुंद वाटेने जाणारी नस त्यामुळे दाबली जाते, बोटांना मुंग्या येतात, रात्री हात झटकत उठावं लागतं. गुडघ्यात पाणी होतं, तेही फारशी लाली किंवा ऊब नसताना. आखडलेला खांदा मधुमेहाच्या रोग्यांत जास्त दिसतो हे आता बहुतेकांना माहीत असतं. थायरॉइडच्या रोग्यांतही तो जास्त दिसतो, हे मात्र फारसं कोणाच्या कानावर आलेलं नसतं.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नव्यानेच निदान झालेले थायरॉइडचे रोगी तपासले होते. संप्रेरक कमी असलेल्यांपैकी 79 टक्के लोकांना स्नायू किंवा नसांच्या तक्रारी होत्या, आणि 38 टक्क्यांत अशक्तपणा तपासणीतही दिसला. वर्षभराच्या उपचारानंतर तो अशक्तपणा 13 टक्क्यांत उरला. रोगी थोडे होते, त्यामुळे आकडे घट्ट धरून बसू नयेत, पण दिशा स्पष्ट आहे. आपल्याकडे मुंबई, गोवा, अहमदाबादसह आठ शहरांत 5,376 प्रौढांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2013 साली आले. त्यात 10.95 टक्के लोकांचं थायरॉइड मंद निघालं, आणि 3.47 टक्के असे होते ज्यांना आपल्याला हे आहे याची कल्पनाच नव्हती. म्हणजे दर तीन रोग्यांत जवळजवळ एक जण नकळत हा आजार अंगावर काढत होता. त्यांतले किती जण दुखणं घेऊन औषधाच्या दुकानात उभे असतील, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

यावर विचारी माणूस म्हणेल, दहात एकाला थायरॉइड आणि चाळिशीनंतर निम्म्या बायकांचं काही ना काही दुखतंच, तर दोन्ही गोष्टी एकाच अंगात योगायोगानेही भेटणारच. हा आक्षेप मला मान्य आहे. टीएसएच जरासं वर, पण प्रत्यक्ष संप्रेरक पुरेसं, अशा सीमेवरच्या रोग्यांबाबत तर तो फारच खरा आहे. 2017 साली युरोपातून आलेल्या एका मोठ्या चाचणीत, पासष्टीपुढच्या अशा 737 लोकांपैकी निम्म्यांना थायरॉइडची गोळी आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली गेली. थकव्यात वा इतर लक्षणांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणून प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला ही गोळी द्या, असं मी म्हणत नाही. जास्त मात्रेने हाडं झिजतात, हृदयाचे ठोके चुकतात. पण ‘सरसकट गोळी नको’ यातून ‘तपासणीही नको’ हे कसं निघतं? योगायोग आहे की कारण, हे रक्त तपासल्याशिवाय कळणारच नाही. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून स्टॅटिन सुरू होताना तर ही तपासणी टाळूच नये. मंद थायरॉइड स्वतःच कोलेस्टेरॉल वाढवतं, आणि ते तसंच ठेवून स्टॅटिन दिलं तर स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो.

दुसरा आक्षेप रोग्यांचाच असतो: टीएसएच जागेवर आलं, तरी दुखतंय. स्नायू रक्ताच्या अहवालापेक्षा सावकाश सुधारतात, हे त्याचं एक उत्तर, आणि मीही ते अनुभवलं आहे. पण महिने उलटूनही दुखणं हटत नसेल, तर सगळं थायरॉइडवर ढकलणं ‘वात आहे’ म्हणण्याइतकंच घातक. ज्यांचं शरीर स्वतःच्या ग्रंथीवर उलटलेलं असतं, त्यांच्यात आमवात जास्त आढळतो. ड जीवनसत्त्व, बी-12, हिमोग्लोबिन पाहावं लागतं. आणि दादरा नगर हवेलीत एक गोष्ट आवर्जून पाहावी लागते, ती म्हणजे सिकलसेल. वारली, धोडिया, कोकणा समाजांत हा आनुवंशिक दोष आहे, आणि त्याचं दुखणं हाडांत, सांध्यांत, कंबरेतच उमटतं. खुब्याचं हाड त्याने निकामी होऊ शकतं. इथल्या आदिवासी बाईचं अंग दुखतं म्हणून फक्त टीएसएच पाहून तिला घरी पाठवणं मला अर्धवट वाटतं. सिल्वासात विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे, त्याला जोडून आता वैद्यकीय महाविद्यालयही आहे. एकाच वेळी घेतलेल्या रक्तावर दोन्ही प्रश्न विचारता येतात, त्यासाठी वापीला किंवा मुंबईला जाण्याचं कारण नाही.

ज्यांचं निदान पक्कं झालं, त्यांच्या गोळीचंही इथे नीट सांगितलं जात नाही. ती रिकाम्या पोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास दूर ठेवायची. रक्त कमी म्हणून लोहाची गोळी मिळालेली बाई दोन्ही एकत्र गिळते, थायरॉइडची गोळी पुरती शोषली जात नाही, टीएसएच वरच राहतं आणि अंग दुखतच राहतं. पहाटेच्या पाळीला निघणारीला तो अर्धा तासही जड जातो. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून गोळी रात्री झोपताना घेता येते, जेवणानंतर किमान तीन तास गेलेले असले म्हणजे झालं.