कुंपणावरचं जांभूळ



जूनमधली जांभळं आम्हा चिचगडकरांना नवी नाहीत. पण झाड शेजारच्यांचं आणि सडा आपल्या अंगणात, की गोडी जाते. वाळत घातलेल्या साड्यांवर डाग, फरशीवर मुंग्या. झाडू फिरवताना जीव चिरडण्याची धास्ती वेगळीच. यावरून आमचं आणि शेजारच्या काकूंचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. आमचे हे म्हणायचे, "मुळापासून तोडायलाच लावू."

तेव्हा सासूबाईंनी सहा लेश्यांची गोष्ट काढली. पाठशाळेत तिचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. सहा भुकेले वाटसरू आणि समोर जांभळाचंच झाड! कृष्ण लेश्येचा म्हणतो मूळच उपटा, नील म्हणतो खोड तोडा, कापोत मोठ्या फांद्या, पीत लहान डहाळ्या. पद्म लेश्येचा फक्त फळं तोडतो आणि शुक्ल लेश्येचा खाली पडलेली वेचतो. भूक सगळ्यांची सारखीच, भाव तेवढे वेगळे.

कायद्याचंही ऐकावं लागतंच. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत जांभूळ आहे. स्वतःच्या जागेतलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

मग मी काकूंकडे गेले. झाड ठेवायचं ठरलं. आमच्या दोरीवर येणाऱ्या डहाळ्या तेवढ्या त्या छाटून घेतात, तेही घरटं नाही ना हे बघून. हंगामात खाली जुनं लुगडं बांधतो. पडलेली जांभळं निम्मी त्यांची, निम्मी आमची.

तुमच्या कुंपणावरही असं झाड असेल, तर कुऱ्हाडीआधी एवढंच विचारा: आपली अडचण नेमकी केवढ्या फांदीची आहे?