२४० दिवसांचे गणित

१/ अंबरनाथ पश्चिमेतील बुवापाडा, विम्को नाका आणि भोवतालचा औद्योगिक पट्टा. येथे कामगाराची पत एका प्रश्नावर ठरते : परमनंट की कंत्राटी? काम पुष्कळदा एकाच यंत्रावरचे असते. भेद असतो तो हजेरीपटाचा. हा भेद बऱ्याच अंशी कामावरून काढण्याच्या नियमांनी घडवला. त्या नियमांचा हा इतिहास. #थ्रेड

२/ विम्को नाक्याला ज्या आगपेटी कारखान्याचे नाव मिळाले, तो उभा राहिला त्या १९२० च्या दशकात कामगाराला संरक्षण असे नव्हतेच. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर माणसे लावी आणि जॉबरच काढी. भरती व बडतर्फी त्याच्या हातून काढून घ्यावी, अशी शिफारस शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात केली.

३/ पुढे १९४६ मध्ये स्थायी आदेशांचा कायदा आला आणि १९४७ मध्ये औद्योगिक विवाद अधिनियम. १९५३ च्या दुरुस्तीने कपातीची रीत ठरली : एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन. जॉबरच्या शब्दाची जागा कागदाने घेतली. ही लहान गोष्ट नव्हती.

४/ परंतु हा हक्क कोणाचा? वर्षभर अखंड सेवा झालेल्याचा. आणि वर्ष म्हणजे बारा महिन्यांत कामाचे २४० दिवस. महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांनी तर २४० दिवस भरलेल्या तात्पुरत्या वा बदली कामगाराला कायम करण्याची तरतूद केली. कायद्याने दिवस मोजले, तसे मालकांनीही मोजले. सात महिने काम, मग ‘ब्रेक’, मग पुन्हा नव्याने भरती.

५/ महाराष्ट्राने ही क्लृप्ती ओळखली. अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या राज्याच्या १९७१ च्या कायद्याने, कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे बदली वा तात्पुरता ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवली. शिवाय सरकारने प्रकरण पाठवण्याची वाट न पाहता थेट न्यायालयात तक्रार नेण्याची मुभा दिली.

६/ आणीबाणीत, मार्च १९७६ मध्ये, नोटिशीवर परवानगीची भर पडली. ३०० किंवा अधिक कामगार असलेले कारखाने, खाणी व मळे यांना ले-ऑफ, कपात वा बंदीपूर्वी सरकारची संमती आवश्यक झाली. मुंबईच्या एक्सेल वेअर या कपडे बनवणाऱ्या कारखान्याने बंदीच्या परवानगीला आव्हान दिले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. संसदेने १९८२ मध्ये ते सुधारून पुन्हा आणले.

७/ आता ऑगस्ट १९८४ मधील दोन तारखा पाहाव्यात. १८ ऑगस्टला एक दुरुस्ती लागू झाली : ठरावीक मुदतीचा करार संपून नूतनीकरण झाले नाही, तर ती ‘कपात’ नव्हे. २१ ऑगस्टला दुसरी लागू झाली : परवानगीची मर्यादा ३०० वरून १०० कामगारांवर आली. तीन दिवसांच्या अंतराने पुढचे दार अधिक घट्ट झाले आणि मागचे किलकिले.

८/ मागच्या दाराशी कंत्राटदार आधीपासून उभा होताच. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा त्या प्रथेचे नियमन करी. सरकारला ती विशिष्ट कामांत बंदही करता येई. पण बंदी आली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात ठरवले.

९/ त्याच वर्षी कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या महाराष्ट्रातील खटल्यांत आणखी एक निवाडा झाला. मालक-कामगार हे नातेच वादात असेल, तर ते आधी अन्यत्र सिद्ध करावे. मगच १९७१ च्या कायद्याखाली तक्रार. ‘मला अन्यायाने काढले का?’ या प्रश्नाआधी आता ‘मी नेमका कोणाचा कामगार?’ हा प्रश्न उभा राहिला.

१०/ अर्थशास्त्रज्ञांचे यावर एकमत नाही. बेसली आणि बर्जेस यांनी २००४ मध्ये दाखवले, की कामगारधार्जिण्या दुरुस्त्या करणाऱ्या राज्यांत नोंदणीकृत उद्योगांचे उत्पादन व रोजगार मागे पडले. महाराष्ट्र त्यांच्या त्याच यादीत होता. आदित्य भट्टाचार्य यांनी आक्षेप घेतला, की गुंतागुंतीच्या दुरुस्त्यांना अधिक-उणे एक अशा गुणांत बसवणेच सदोष आहे.

११/ कागदावरच्या अटीने कारखाना चालता राहतोच असेही नाही. परवानगी न मागताही तो थांबतो : आधी पगार लांबतो, मग वीजबिल थकते, मग एके दिवशी फाटक उघडत नाही. भरपाईचा दावा मात्र वर्षानुवर्षे चालतो.

१२/ २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. मर्यादा पुन्हा ३०० वर गेली, म्हणजे १९७६ च्याच आकड्यावर. मुदतबंद नोकरीला उघड मान्यता मिळाली. तिला कायम कामगारासारखे लाभ देण्याची अटही घातली गेली.

१३/ १०० की ३०० हा वाद ज्याचे नाव कारखान्याच्या पटावर आहे, त्याच्यापुरता खरा आहे. ज्याचे नाव कंत्राटदाराच्या वहीत आहे, त्याच्यासाठी १९३१ चा प्रश्न अजून शिल्लक आहे : उद्या फाटकावर ‘तू नको’ म्हणण्याचा अधिकार कोणाच्या हाती, आणि त्याला कारण विचारणार कोण?