बंद डब्यातला पंखा

आखातात गाड्यांचे काम करतो म्हटले की गावी लोकांना वाटते, रोज नव्या चकचकीत गाड्या हाताखालून जात असतील. तसे काही नाही. ओमानमधील निझवा शहराच्या बाहेर जो सनाया आहे, म्हणजे गॅरेज आणि कारखान्यांची वस्ती, तिथे आम्ही दोघे भाऊ आणि आमचा भाचा असे तिघे रत्नागिरी जिल्ह्यातले लोक काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या गाड्या बहुतेक वीस वर्षांच्या आसपासच्या. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपला जातात, आणि जुन्या आमच्याकडे राहतात.

त्यातही आमचे खास गिऱ्हाईक म्हणजे डोंगरावरचे शेतकरी. निझव्याजवळ बिरकत अल-मौझ नावाचे गाव आहे. तिथून जबल अल-अखदर, म्हणजे 'हिरवा डोंगर', सुरू होतो. पायथ्याशी पोलीस चौकी आहे आणि फोर व्हील नसलेली गाडी ते वर सोडत नाहीत. रस्ता उत्तम आहे, पण चढ असा की आपला आंबा घाट त्यापुढे सौम्य वाटावा. उतारावर ब्रेक निकामी झालेली गाडी वळवून थांबवण्यासाठी जागोजागी खास वाटा काढलेल्या आहेत. वर सुमारे 2000 मीटर उंचीवर गुलाब आणि डाळिंबाचे मळे आहेत. वसंतात गुलाबपाणी काढतात, आणि उन्हाळा सरता सरता डाळिंबे खाली निझव्याच्या बाजारात येतात. ती आणायला पिकअपशिवाय पर्याय नाही.

डाळिंबाचा हंगाम ऐन भरात असताना असेच एक वयस्क शेतकरी आमच्याकडे आले. (इथे वडीलधाऱ्या माणसाला 'अम्मी' म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ 'माझे काका'. भाचा नवीन आला तेव्हा पांढऱ्या दाढीच्या माणसाला अम्मी म्हणताना त्याचे हसू आवरत नसे.) त्यांचा जुना फोर व्हील पिकअप, चार गिअरचा ऑटोमॅटिक. तक्रार अशी की सपाट रस्त्यावर गाडी ठीक पळते, पण चढावर थांबून पुन्हा निघायचे म्हटले की उचलच घेत नाही. इंजिन नुसते घरघरते. एका मोठ्या वर्कशॉपने पूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल असे सांगितले होते. तो आकडा ऐकून ते पिकअप विकायच्या विचारात होते, आणि पिकअप गेला असता तर त्या वर्षीची डाळिंबे दुसऱ्याच्या गाडीतून, दुसऱ्याच्या भावाने खाली आली असती.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचे पेडल नसते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतो कोण? ते काम टॉर्क कन्व्हर्टर करतो. दोन टेबल-फॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसऱ्याची पिन काढलेली असू द्या. पहिल्याच्या वाऱ्याने दुसरा हळूहळू फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये हेच होते, फक्त वाऱ्याऐवजी तेल असते आणि दोन्ही पंखे एका बंद पोलादी डब्यात असतात. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये याचे पेटंट घेतले, तेही जहाजांसाठी. मोटारीत ही युक्ती पुष्कळ नंतर आली. आपल्याकडे हल्ली ज्या स्वस्त एएमटी गाड्या निघाल्या आहेत त्यांत मात्र कन्व्हर्टर नसतो. तिथे साधा क्लचच असतो, तो यंत्र दाबते. त्यामुळे 'ऑटोमॅटिक' म्हटले की सगळ्यांचा रोग एकच असे समजू नये.

त्या दोन पंख्यांच्या मधे तिसरे एक लहान चक्र असते, स्टेटर. खरी जादू त्याची. गाडी जागेवरून निघताना दुसऱ्या पंख्याकडून परत येणारे तेल पहिल्याला उलट्या दिशेने अडवू पाहते. स्टेटर ते वळवून योग्य दिशेने पाठवतो, आणि इंजिनाचा जोर निघताना जवळजवळ दुप्पट होऊन चाकांकडे जातो. त्यासाठी स्टेटरने एका दिशेने घट्ट अडायचे आणि गाडीने वेग घेतला की दुसऱ्या दिशेने मोकळे फिरायचे. सायकलचे फ्रीव्हील आठवा. पुढे पेडल मारले की पकडते, मागे मारले की नुसते टकटक वाजते. ही पकड गेली की स्टेटर दोन्हीकडे मोकळा फिरतो. मग सपाटीवर काही जाणवत नाही, चढावर मात्र गाडी म्हाताऱ्या बैलासारखी उभी राहते.

अम्मींची तक्रार ऐकताच आम्हाला याचाच संशय आला. पण संशयावर कोणाची गाडी खोलायची नसते. आधी इंजिन तपासले. प्लग, एअर फिल्टर, कॉम्प्रेशन सगळे ठीक. मग चाकांना लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, ब्रेक पूर्ण दाबून गिअर 'डी'त टाकला आणि ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबला. पाच सेकंदांच्या वर हे करायचे नाही, तेल उकळते. इंजिनाचे फेरे कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा सहाशे-सातशेने कमी भरले. गिअरबॉक्सच्या आतल्या प्लेटा घसरत असत्या तर उलट ते वाढले असते. शेवटी खालचा चेंबर उघडला. तेल काळवंडले होते, पण करपल्याचा वास नव्हता. लोहचुंबकावर राखाडी लेप होता, तो जुन्या गाडीत असायचाच. धातूचे तुकडे नव्हते.

तेव्हा गिअरबॉक्स शाबूत होता. मस्कतच्या वादी कबीरहून नवा कन्व्हर्टर मागवला. सगळे मिळून खर्च त्या मोठ्या आकड्याच्या चौथ्या हिश्शाच्या आत बसत होता.

फोर व्हील गाडीत हे काम दुप्पट जड. पुढचा आणि मागचा असे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट काढायचे, गिअरबॉक्सच्या मागचा ट्रान्सफर केस उतरवायचा, सायलेन्सरचा पाइप, स्टार्टर, तेलाच्या नळ्या, वायरी सोडवायच्या. कन्व्हर्टरचे सहा बोल्ट खालच्या छोट्या खिडकीतून एकेक दिसतात. भाचा पुढून पाना लावून इंजिन हाताने फिरवतो, एक बोल्ट समोर आला की आम्ही तो सोडवतो, की पुन्हा फिरव. फजरनंतर सुरुवात केली होती, असरच्या सुमारास गिअरबॉक्स जॅकवर खाली आला.

अम्मी दिवसभर दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. काही बोलले नाहीत, पण एकदा ऐकलेला मोठा आकडा मनातून जात नव्हता हे दिसत होते. खरे तर त्यांची अडचण रास्त होती. कन्व्हर्टर चारी बाजूंनी वेल्डिंग केलेला असतो. आत काय बिघडले ते डोळ्याला दिसत नाही. एकाने सांगितले गिअरबॉक्स गेला, दुसऱ्याने सांगितले हा डबा गेला. माणसाने कोणावर विश्वास ठेवायचा?

जुना आणि नवा असे दोन्ही कन्व्हर्टर आम्ही बाकड्यावर शेजारी शेजारी ठेवले. मधल्या भोकातून बोटे आत घातली की स्टेटरचे दाते लागतात. अम्मींना बोलावले, हात पुसायला फडके दिले आणि आधी नव्यात बोटे घालायला सांगितली. एका बाजूला सरकला, दुसऱ्या बाजूला घट्ट. मग जुन्यात. तो दोन्ही बाजूंना सुळसुळीत फिरला. त्यांनी तीन-चारदा फिरवून पाहिला. परत नव्यात बोटे घातली. नंतर भाच्यालाही पाहायला लावले, जणू साक्षीदार हवा होता. मग हसले आणि खुर्ची आत ओढून बसले.

दुसऱ्या दिवशी कूलरच्या नळ्या धुतल्या, पंपाचे पुढचे ऑइल सील नवे घातले, नव्या कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल ओतले आणि तो गिअरबॉक्सवर चढवला. या कामात घाई चालत नाही. हलवत, फिरवत आत सारताना तीनदा 'खट्' व्हावे लागते: एकदा आतल्या शाफ्टवर, एकदा स्टेटरच्या दात्यांवर, एकदा पंपाच्या खाचेत. दोनच खट् झाले आणि बोल्ट आवळले तर पंप फुटतो, आणि मग खरोखरच गिअरबॉक्स गेला म्हणायचा. भाच्याने दोन मोजले आणि म्हणाला, "मामू, बसला." मोठ्या भावाने मान हलवली. अजून अर्धा वळसा, आणि तिसरा खट् आला. तरी पट्टी लावून खोली मोजली.

संध्याकाळी इंजिन चालू ठेवून तेलाची पातळी पाहिली, सगळे गिअर एकेकदा टाकले, थोडे तेल आणखी लागले. मगरिबनंतर अम्मी स्वतः बसले आणि आम्ही एक गाडी घेऊन चौकीपर्यंत मागे गेलो. चौकीच्या पुढे पहिला मोठा चढ आहे. ते मुद्दाम मधेच थांबले, हात बाहेर काढून आम्हाला थांबायची खूण केली, आणि पुन्हा निघाले. मागचे लाल दिवे वळणावर दिसेनासे होईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.

जुना कन्व्हर्टर त्यांनी नेला नाही. भाच्याने तो ग्राइंडरने मधोमध कापून दोन भाग केले, आता आतले तिन्ही पंखे उघडे दिसतात. फडताळावर तेलाच्या डब्यांशेजारी ठेवला आहे. कोणी विचारले, चढावर गाडी का ओढत नाही, की आधी तो खाली काढून हातात देतो.