पडद्यामागे राहणारी माणसं

रात्रीचे अकरा. आज पुन्हा डेव्हिड ॲटनबरो आणि रवांडातल्या गोरिलांचा तो प्रसंग पाहिला. ‘लाइफ ऑन अर्थ’ ही मालिका, १९७९. कळपात बसलेला माणूस, त्याच्या अंगावर लोळणारी पिल्लं आणि हलक्या आवाजातलं बोलणं. प्राण्याला झाकोळून टाकायचं नाही, हे त्यांना नेमकं कळलंय. स्टीव्ह अर्विनचा उत्साहही अगदी खरा होता. पण त्याची मगरींशी झटापट बघताना माझी नजर मगरीऐवजी त्याच्यावरच खिळते.

माझ्या मनात सगळ्यांत वरची जागा मात्र माइक पांडे यांची. दूरदर्शनवर ‘अर्थ मॅटर्स’ ही मालिका घेऊन आलेले. त्यांचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट पाहताना जीव कासावीस होतो. गुजरातच्या किनाऱ्यावर ओढून आणलेले, कापले जाणारे व्हेल शार्क! जगातला हा सर्वांत मोठा मासा बारीक प्लवकं गाळून खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. यकृतातल्या तेलासाठी, मांसासाठी त्याला मारत. माहितीपट आला, लोक हादरले आणि २००१मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश झाला. या कायद्याचं कवच मिळालेला तो पहिला मासा. पुढे तिथलेच मच्छीमार महागडी जाळी कापून त्याला सोडू लागले. केवढं मोठं मन हे!

सुंदर दृश्यं पुष्कळजण टिपतात. कायदा हलवणारा कॅमेरा विरळाच. घरातल्या मुलांना हा माहितीपट जरूर दाखवा, आणि तो संपेपर्यंत त्यांच्याजवळ बसा.